एअर फिल्टर भारी बसवला, तरी गाडी ओढत नाही: काय तपासायचं आणि कोणत्या क्रमाने

होळी झाली की ही तक्रार गॅरेजला यायला लागते आणि मृगाचा पाऊस पडेपर्यंत थांबत नाही. गाडीला कोन फिल्टर (शंकूच्या आकाराचा, डब्याशिवायचा) किंवा आख्खं इनटेक किट (फिल्टर आणि हवेचा पाइप) बसवलेलं असतं. पाच-दहा हजार गेलेले असतात, आवाज दमदार झालेला असतो आणि पिकअप मात्र पहिल्यापेक्षा कमी. जळगावात वर्षानुवर्षं मी हे काम करतोय. गाडी पेट्रोल असो की डिझेल, कारणं फिरून फिरून तीच चार-पाच निघतात. त्यातली बरीचशी तुम्हाला स्वतःला अंगणात उभं राहून, फारसा खर्च न करता सापडू शकतात. म्हणून सगळं क्रमाने लिहितो.

लक्षणं

"भाऊ, गाडी सकायले मस्त पयस, दुपारले मरी जास." चोपड्याकडच्या एका अप्पांनी एवढंच सांगितलं आणि निम्मं निदान तिथेच झालं. नुसतं "गाडी ओढत नाही" यावरून काही कळत नाही. कधी ओढत नाही, हे आधी बघा.

- सकाळी गार वेळेला गाडी छान पळते. दुपारी एसी लावून अजिंठा चौफुलीच्या गर्दीत पाच-दहा मिनिटं अडकली की निघताना जीवच नसतो. मोकळ्या हायवेला लागल्यावर हळूहळू सुधारते. हे गरम हवेचं लक्षण.
- उभ्या गाडीत आरपीएमची सुई वर-खाली झुलते. सिग्नलला एक्सलेटर सोडला की गाडी बंद पडते किंवा पडता पडता सावरते. हे बहुतेक वेळा कुठूनतरी चोरून शिरणाऱ्या हवेचं.
- हळू एक्सलेटर दाबला की गाडी घुटमळते, जास्त दाबला की झटका देऊन उचलते. सोबत इंजिनाचा पिवळा दिवा लागलेला असतो. इथे हवा मोजणाऱ्या सेन्सरवर संशय घ्यायचा.
- डिझेल गाडी कन्नड घाट चढताना काळा धूर सोडते आणि बोनेटखालून फुसफुस ऐकू येते.
- डिझेल गाडी धूर अजिबात सोडत नाही, पण ओढतही नाही. हे वरच्यापेक्षा वेगळं दुखणं आहे, दोन्हींत गल्लत करू नका.
- अ‍ॅव्हरेज लिटरमागे एक-दोन किलोमीटरने पडलं आहे, बाकी काही जाणवत नाही.

यातलं कोणतं लक्षण तुमचं, ते कागदावर लिहा. गाडी गार असताना की गरम, एसी चालू की बंद, कितव्या गिअरमध्ये, हेही लिहा. पुढच्या प्रत्येक तपासणीला ते लागेल.

हवा वजनावर मोजतात

एवढं समजून घेतलं तर पुढचं सगळं सोपं जातं. इंजिनाला किती लिटर हवा मिळाली याला महत्त्व नाही, किती वजनाची मिळाली याला आहे. पेट्रोल नीट जळायला एक भाग पेट्रोलला १४.७ भाग हवा लागते, वजनाने. एक लिटर पेट्रोल पाऊण किलोच्या जवळपास भरतं. म्हणजे त्याला ११ किलोच्या आसपास हवा हवी. साध्या तापमानाला ही हवा ९,००० लिटर होते.

हवा तापली की विरळ होते. मे महिन्यात भुसावळ-जळगावकडे पारा ४५ च्या घरात असतो, त्यामुळे बाहेरची हवाच मुळात हलकी. बोनेटखाली, रेडिएटरच्या मागे, गर्दीत उभ्या गाडीत तीच हवा ७० अंशांपर्यंत जाते. ४५ अंशांची हवा सोडून ७० अंशांची ओढली तर तेवढ्याच जागेत सुमारे सात टक्के कमी हवा बसते. वरून गरम हवेने पेट्रोल इंजिन ठोकायला लागू नये म्हणून इंजिनाचा कंप्यूटर स्पार्क मागे घेतो, म्हणजे थोडा उशिरा देतो, त्यात आणखी ताकद जाते. अर्ध्या एक्सलेटरवर हे कळत नाही, कारण आपण नकळत थोडा जास्त दाबतो. पारोळा रोडवर ट्रकला ओव्हरटेक करायची वेळ आली की कळतं, आणि ती वेळ कळायला योग्य नसते.

कंपनीने दिलेला तो काळा प्लास्टिकचा डबा दिसायला साधा असतो. पण त्याचं तोंड बहुतेक गाड्यांत पुढे, जाळीच्या किंवा हेडलाइटच्या मागे काढलेलं असतं, म्हणजे बाहेरची हवा थेट आत येते. डबा बंद असल्यामुळे इंजिनाची धग फिल्टरपर्यंत पोचत नाही. उघडा कोन फिल्टर बसवताना आपण हा डबा काढतो आणि फिल्टर त्याच धगीत उघडा ठेवतो. पुण्या-नाशकाच्या थंडीत हे खपून जात असेल. आपल्याकडे खपत नाही.

पहिली तपासणी: बोनेट उघडा आणि बघा

गाडी गरम असताना बंद करा, बोनेट उघडा. हात गरम भागांना लागू देऊ नका. फिल्टर कुठे आहे? एक्झॉस्टच्या बाजूला की लांब? रेडिएटरच्या पंख्याची हवा सरळ त्याच्यावर येते का? मधे धग अडवणारा पत्रा आहे का, आणि बोनेट बंद केल्यावर तो वरून खरंच बंद होतो का? मी पाहिलेल्या बऱ्याच किटांत पत्रा दिलेला असतो, पण तो तीनच बाजूंनी असतो. वरची फट उघडी असली तर त्याचा उपयोग नाही.

फिल्टर धगीत आहे असं दिसलं आणि तुमचं लक्षण दुपारचंच असलं, तर पुढचं सगळं वाचण्याआधी चौथी तपासणी करून टाका.

दुसरी तपासणी: क्लिपा, पाइप आणि ब्रीदरची नळी

खर्च काही नाही, हातात एक स्क्रू ड्रायव्हर पुरे. फिल्टरपासून थ्रॉटल बॉडीपर्यंतचा (एक्सलेटर दाबल्यावर हवेची वाट उघडणारा भाग) पाइप हाताने चाचपत जा. प्रत्येक जोडावरची क्लिप हलवून बघा. उन्हाने रबर मऊ पडतं आणि बसवताना घट्ट वाटलेली क्लिप महिन्याभरात ढिली होते. घडीच्या रबरी पाइपात घड्या ताणून आत बघा, चीर तिथेच लपलेली असते.

आता ब्रीदर. इंजिनातली वाफ परत हवेच्या पाइपात नेणारी एक नळी असते. जुन्या पाइपाला तिच्यासाठी तोटी असते. नवीन किटात ती तोटी कधी नसते, कधी दोन असतात. मग कोणी नळी तशीच लोंबती सोडतं, कोणी जास्तीची तोटी उघडी ठेवतं.

रावेरकडचा एक पोरगा केळीच्या कामासाठी रोज जळगावला ये-जा करायचा. गाडी सिग्नलला बंद पडायची. दोन ठिकाणी दाखवून झालं होतं, प्लग बदलले, कॉइल बदलली, पेट्रोलचा पंपसुद्धा बदलला. अकरा हजार गेले. मी पाइपाखाली हात घातला तर तोटी उघडी, अंगठ्याएवढं भोक. चाळीस रुपयांची रबरी टोपी लावली आणि क्लिप आवळली. मला त्या अकरा हजारांचं अजूनही वाईट वाटतं. त्याच्या घरात तेवढ्या पैशांची दुसरी कितीतरी कामं होती.

ही तपासणी किती महत्त्वाची ते गाडीत कोणता सेन्सर आहे यावर ठरतं. फिल्टरच्या लगेच पुढे पाइपावर चार-पाच वायरींचा सेन्सर असेल तर गाडी हवा तिथे मोजते. त्याला एमएएफ म्हणतात. त्याच्या पुढे कुठूनही हवा शिरली तर ती न मोजलेली हवा. कंप्यूटरला वाटतं हवा कमी आहे, म्हणून तो इंधन कमी टाकतो आणि गाडी घुटमळते. पाइपावर दोनच वायरींचा सेन्सर असेल तर तो फक्त तापमान बघतो. अशा गाडीत हवेचा हिशेब मॅनिफोल्डवरच्या (थ्रॉटलनंतर सिलिंडरांकडे हवा वाटणारा भाग) दाबाच्या सेन्सरवरून होतो, त्याला एमएपी म्हणतात. आपल्याकडच्या बऱ्याच छोट्या पेट्रोल गाड्या या प्रकारच्या आहेत. त्यांत थ्रॉटलच्या आधीच्या चिरेने गाडी घुटमळत नाही, म्हणून कोणी लक्ष देत नाही. पण त्या चिरेतून धूळ विनाफिल्टर आत जाते. ते जास्त वाईट, कारण गाडी तक्रार करत नाही आणि रिंग-पिस्टन झिजत राहतात.

सेन्सरचा प्लगही जागेवर आहे ना, बघा. किट बसवताना तापमानाचा सेन्सर लोंबता सोडलेल्या किंवा प्लगच न जोडलेल्या गाड्या मी पाहिल्या आहेत.

तिसरी तपासणी: फिल्टर आणि पांढरं फडकं

फिल्टर काढा. स्वच्छ पांढरं सुती फडकं बोटाला गुंडाळा आणि फिल्टरच्या पलीकडच्या, म्हणजे इंजिनाकडच्या पाइपाच्या आतून फिरवा. फडकं स्वच्छ राहायला हवं. ब्रीदरच्या वाफेमुळे थोडं तेलकट आलं तर चालतं. पण त्यावर मातीचा पिवळट-राखाडी थर आला, बोटांत चोळल्यावर खरखर लागली, तर धूळ आत जाते आहे. मग पिकअपचा प्रश्न मागे ठेवा आणि आधी धूळ थांबवा. ही खरखर वाळूची असते आणि ती सिलिंडरला पॉलिश पेपरसारखी घासते.

फिल्टरमध्ये काय अडकलंय, तेही बघा. जिनिंगच्या हंगामात कापसाच्या गाड्यांमागून फिरणाऱ्या उघड्या फिल्टरवर रुईच्या तंतूंची जाळी बसते. बाहेरून फिल्टर जेमतेम मळका दिसतो, पण हवा अडलेली असते. ही जाळी हाताने सोलून निघते. कंपनीच्या डब्यात ती सहसा एवढी साचत नाही, तोंडाशीच बरीच थांबते.

कागदी फिल्टरवर कंप्रेसरची हवा मारायची असेल तर आतून बाहेर, लांबून, कमी दाबाने. नोझल कागदाला टेकवून पूर्ण दाबाने मारली की कागदाचे तंतू फाटतात. उजेडाकडे धरून बघा, सुईएवढी भोकं दिसली तर तो फिल्टर गेला. नवीन कागदी फिल्टर काही शे रुपयांत येतो, त्यात काटकसर करू नका. मॅन्युअलमध्ये दिलेलं अंतर साध्या रस्त्यांसाठी असतं आणि धुळीच्या भागात त्याआधी बदला असं तिथेच लिहिलेलं असतं. शेतरस्त्याने रोज जाणाऱ्या गाडीला मी निम्म्या अंतरावर नवीन टाकायला सांगतो.

धुऊन वापरायचा, तेल लावायचा कापडी फिल्टर असेल तर त्यावर तेल किती आहे बघा. बोटाला ओलं लागत असेल तर जास्त झालं. ट्रॅक्टरच्या ऑइल-बाथ फिल्टरची सवय असलेले आपले लोक समजतात की जास्त तेल म्हणजे जास्त धूळ पकडणार. ट्रॅक्टरच्या त्या डब्यात तेल खालच्या वाटीत राहतं, पुढे मोजणारा नाजूक सेन्सर नसतो. कारमध्ये हेच जास्तीचं तेल हवेबरोबर उडून एमएएफच्या तारेवर बसतं आणि त्यावर धूळ चिकटते.

चौथी तपासणी: जुना डबा परत लावा

एक तास लागतो, खर्च फक्त कागदी फिल्टरचा. आणि यापेक्षा खात्रीची दुसरी तपासणी नाही. कंपनीचा डबा, त्यात नवीन कागदी फिल्टर, पुढची हवा आणणारी नळी जागेवर. मग त्याच वेळी, त्याच रस्त्यावर, एसी लावून गाडी चालवा. सकाळी चालवून दुपारशी तुलना करू नका.

तक्रार गेली तर दोष किटाचा किंवा त्याच्या जागेचा. तक्रार तशीच राहिली तर किट बहुधा निर्दोष, पुढच्या तपासण्यांकडे चला. किट बसवायला येणाऱ्या प्रत्येकाला मी हात जोडून सांगतो की जुना डबा भंगारात देऊ नका. दिला असेल तर त्याच मॉडेलचा सेकंडहँड डबा शोधा.

डबा परत लावताना त्याची सगळी कुलपं लागली ना, फिल्टरची रबरी कड खाचेत बसली ना, हे बघा. एक कुलूप तुटलेलं असलं तरी त्या कोपऱ्यातून धूळ सरळ जाते.

पाचवी तपासणी: हजाराच्या आतला स्कॅनर

स्टिअरिंगखालच्या सॉकेटला लागणारा ब्लूटूथ स्कॅनर हजार रुपयांच्या आत मिळतो आणि मोबाइलवर आकडे दाखवतो. मित्रमंडळींत एक घेतला तरी सगळ्यांना पुरतो. नुसता कोड (कंप्यूटरने नोंदवलेला बिघाडाचा नंबर) वाचून पुसून टाकायला तो घेऊ नका, आकडे बघायला घ्या.

आधी हवेचं तापमान, म्हणजे आयएटी. रात्रभर उभी असलेली गाडी सकाळी सुरू करण्याआधी हा आकडा बाहेरच्या हवेइतका हवा. उणे ४० दाखवत असेल तर सेन्सरचा प्लग निघालेला आहे किंवा वायर तुटली आहे, बहुधा पी०११३ हा कोडही असेल. कंप्यूटरला बाहेर बर्फ पडतोय असं वाटतं आणि तो त्या हिशेबाने इंधन टाकतो. आकडा बरोबर असेल तर दुपारी गर्दीत दहा मिनिटं फिरून परत बघा. सेन्सर फिल्टरजवळच्या पाइपावर असलेल्या गाडीत कंपनीच्या डब्यासह चालत्या स्थितीत हा आकडा बाहेरच्या हवेपेक्षा पाच-दहा अंशांनी वर असतो. उघड्या कोनने तो पंचवीस-तीस अंशांनी वर गेला आणि हायवेवरही लवकर उतरला नाही, तर तुमचं उत्तर सापडलं.

पेट्रोल गाडीत यानंतर फ्युएल ट्रिम. कंप्यूटर आपल्या ठरलेल्या हिशेबापेक्षा किती टक्के इंधन वाढवतोय किंवा घटवतोय, तो हा आकडा. शॉर्ट (त्या क्षणाचा) आणि लाँग (शिकून ठेवलेला) दोन्हींची बेरीज अधिक-उणे दहाच्या आत असेल तर काळजी नाही. अधिक पंधरा-वीस दिसत असेल तर हवा जास्त येते आहे किंवा कमी मोजली जाते आहे. हे दोन वेगळे करायची रीत अशी: उभ्या गाडीत आकडा मोठा आणि आरपीएम अडीच हजारांवर धरल्यावर लहान झाला, तर कुठेतरी गळती आहे. भोक तेवढंच राहतं, एकूण हवा वाढली की त्याचा वाटा कमी होतो. उलट आरपीएम वाढवल्यावर आणि चढावर आकडा वाढतच गेला, तर सेन्सर कमी मोजतो आहे. कोड दोन्हींत पी०१७१ च येऊ शकतो, म्हणून कोड बघून सेन्सर विकत घेऊ नका.

तिसरा आकडा एमएपीचा, आणि तो मला सगळ्यात प्रिय आहे, कारण किट घ्यायचं की नाही हे तो सांगतो. हे टर्बो नसलेल्या, एमएपी सेन्सर असलेल्या पेट्रोल गाडीसाठी. चावी चालू, इंजिन बंद असताना आकडा बघा. जळगाव समुद्रसपाटीपासून सुमारे २०० मीटरवर आहे, तिथे तो साधारण ९७ ते ९९ किलोपास्कल येतो. मग मोकळ्या, सरळ रस्त्यावर तिसऱ्या गिअरमध्ये एक्सलेटर पूर्ण दाबून आरपीएम वर जाऊ द्या. मोबाइल शेजारच्याने बघायचा, चालवणाऱ्याने रस्ता. आकडा ९५-९६ पर्यंत टिकला, तर फिल्टर, डबा, पाइप आणि थ्रॉटल मिळून इंजिनाची अडवणूक जेमतेम दोन-तीन टक्के करत आहेत. जगातलं सगळ्यात महाग किट लावलं तरी त्यापेक्षा जास्त मिळणार नाही, कारण त्यापेक्षा जास्त अडलेलंच नाही. आकडा ८८-९० वर आला तर मात्र खरंच काहीतरी अडतंय. बहुतेक वेळा चोंदलेला फिल्टर, कधी उंदराने डब्यात केलेलं घरटं.

सहावी तपासणी: एमएएफ साफ करणं

फक्त एमएएफ असलेल्या गाड्यांसाठी, आणि वरच्या आकड्यांनी बोट तिकडे दाखवलं तरच. आतली बारीक तार किंवा पट्टी गरम ठेवलेली असते, हवा तिला गार करते, आणि ती गरम ठेवायला किती करंट लागतो त्यावरून हवा मोजली जाते. तारेवर तेल-धुळीचं पांघरूण बसलं की ती नीट गार होत नाही, सेन्सर कमी हवा सांगतो. डिझेलमध्ये याचा परिणाम वेगळा: धूर होऊ नये म्हणून कंप्यूटर डिझेलच आवरतं घेतो. धूर नाही आणि ओढही नाही, ते हेच.

इंजिन बंद करून पूर्ण गार होऊ द्या. प्लग काढा, स्टारच्या स्क्रू ड्रायव्हरने सेन्सर सोडवा. एमएएफसाठीचाच स्प्रे वापरा, चार-सहाशे रुपयांत मिळतो. लांबून दहा-बारा वेळा मारा. बोट, ब्रश, कानातली काडी काही लावायचं नाही. पेट्रोल, कार्बोरेटर क्लीनर, ब्रेक क्लीनर नको, कंप्रेसरची हवा तर मुळीच नको, तार तुटते. वीस मिनिटं आपोआप वाळू द्या. मगच बसवा, बाणाची दिशा बघून. नंतर ट्रिम परत मोजा. सुधारला आणि महिन्याभरात पुन्हा बिघडला, तर तेल लावायचा कापडी फिल्टर काढून कागदी बसवा.

सेन्सर स्वच्छ आहे तरी कमी मोजतो, असं असेल तर पाइपाचा व्यास मोजा. कंपनीने सेन्सर ज्या जाडीच्या नळीत बसवला, त्याच नळीसाठी त्याचा हिशेब आहे. ६० मिलिमीटरच्या जागी ७० ची नळी आली की तोंडाचं क्षेत्रफळ ३६ टक्क्यांनी वाढतं. हवा तेवढीच असली तरी तारेपाशी वेग कमी पडतो आणि सेन्सर पाव हिश्श्याहून जास्त हवा गमावतो. साफ करून हे सुटणार नाही. कंपनीची सेन्सरवाली नळी परत बसवा.

थ्रॉटल बॉडीत काजळी असेल तर साफ करून घ्या, पण इलेक्ट्रॉनिक थ्रॉटलची पाकळी चावी चालू असताना बोटाने ढकलू नका. साफ केल्यावर बऱ्याच गाड्यांना आयडलिंग स्कॅनरने परत शिकवावं लागतं, म्हणून हे गॅरेजलाच केलेलं बरं.

इथे थांबा आणि माणूस बोलवा

पिवळा दिवा स्थिर न राहता लुकलुकत असेल तर मिसफायर होतोय, म्हणजे एखाद्या सिलिंडरमध्ये पेट्रोल नीट जळत नाही, आणि ते न जळलेलं पेट्रोल कॅटॅलिटिक कन्व्हर्टरला (सायलेन्सरच्या वाटेवरचा धूर साफ करणारा भाग) जाळू शकतं. तिथेच चालवणं थांबवा.

पेट्रोलचा किंवा सीएनजीचा वास आला तर बोनेटखाली काही शोधत बसू नका. गळती शोधायला गरम इंजिनावर स्प्रे मारणं किंवा उदबत्ती फिरवणं मी लोकांना करताना पाहिलं आहे. कृपा करून करू नका. गॅरेजमध्ये त्यासाठी स्मोक मशीन असतं, ते पाइपात धूर भरतं आणि चीर आपोआप दिसते. सीएनजी गाडीत किट बसवण्याआधीच त्या कामाच्या माणसाला विचारा.

डिझेलमध्ये काळा धूर आणि फुसफुस दोन्ही असतील तर टर्बोच्या पुढच्या, इंटरकूलरच्या (टर्बोने दाबलेली हवा गार करणारा भाग) पाइपातून हवा निसटते आहे. ती आधीच मोजली गेली आहे, त्या हिशेबाने डिझेल पडतं आणि हवा मात्र पोचत नाही, म्हणून धूर. बाहेरून दिसणारी क्लिप तुम्ही आवळू शकता. तेवढ्याने गेलं नाही तर थांबा. टर्बोची शिट्टी वाढली असेल, निळा धूर येत असेल किंवा किटातला एखादा स्क्रू आत गेल्याचा संशय असेल, तर गाडी सुरूही करू नका, उचलून न्या.

ट्रिम अधिक पंचवीसजवळ आहे आणि वरचं सगळं करून झालं, तर पेट्रोलचा दाब, इंजेक्टर, ऑक्सिजन सेन्सर यांच्यापैकी काहीतरी आहे. घरी बसून अंदाजाने भाग बदलू नका. पांढऱ्या फडक्यावर खरखर आली होती आणि आता इंजिन तेल खाऊ लागलंय, तर कॉम्प्रेशन, म्हणजे सिलिंडरमधला दाब, मोजून घ्या.

आणि पावसाळ्याचं. गार हवा मिळावी म्हणून काही किटांत फिल्टर बंपरमागे खाली नेतात. उन्हाळ्यात ते चांगलं चालतं. पण नाल्याचं पाणी रस्त्यावर आलं की तोच फिल्टर पाणी ओढतो. पाणी दाबलं जात नाही, पिस्टन वर येताना कनेक्टिंग रॉड वाकतो. पाण्यात गाडी बंद पडली तर परत सेल्फ मारू नका, एकदाही नाही. ढकलून बाहेर काढा आणि टो करून न्या. सेल्फ मारला नाही तर बरेचदा पाणी काढून, साफसफाई करून भागतं. मारला तर इंजिन उघडावं लागू शकतं.

गाडी वॉरंटीत असेल तर वरचं काहीही सोडवण्याआधी किटासह वॉरंटी लागू राहते का, हे कंपनीच्या सर्व्हिस सेंटरकडून लेखी घ्या.

गॅरेजला जाताना लक्षणांचा तो कागद घ्या आणि त्यावर आकडे लिहा: सकाळचं आणि दुपारचं आयएटी, उभ्या गाडीतला आणि अडीच हजारांवरचा ट्रिम, एमएपीचे दोन्ही आकडे, आलेला कोड. काय बदललं आणि कधी, तेही. आणि जुना डबा डिकीत टाकून न्या.